दीड हजारांचा माइक आणि फुकटचा गोंगाट

घरच्या घरी गाणं रेकॉर्ड करायचं म्हटलं की लोक पहिल्यांदा विचारतात, माइक कुठला घ्यावा? खरं म्हणजे आधी विचारायला हवं, तुमच्याकडे भंगारवाला किती वाजता येतो? माइक दीड हजारालाही मिळतो आणि दीड लाखालाही. भंगारवाला दोन्हींत खणखणीत येतो.

मी डोंबिवली पूर्वेला राहते, स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर. घर घेतलं तेव्हा या अंतराचं आम्हाला फार कौतुक होतं. शाळेची नोकरी संपल्यावर पेटी पुन्हा उघडली, संतांच्या अभंगांना मनात येतील तशा चाली लावल्या, आणि त्या कुठेतरी नोंदवून ठेवाव्यात असं वाटू लागलं. जगाला ऐकवायच्या नव्हत्या, पण न्यू जर्सीतल्या धाकट्या बहिणीला ऐकवायच्या होत्या. स्टुडिओत तासाचे पैसे मोजावे लागतात आणि माझा गळा तापायलाच पाऊण तास घेतो, तेव्हा तो मार्ग बंद होता.

"मावशी, स्टुडिओबिडिओ आता कोणाला लागतो?" भाचा म्हणाला. "बिली आयलिशने आख्खा अल्बम भावाच्या बेडरूममध्ये केला. पुढच्या वर्षी ग्रॅमी!"

"तिच्या भावाच्या बेडरूममध्ये दुपारी कोणी झोपत नसेल," मी म्हटलं. "आमच्याकडे तुझे काका झोपतात."

पण भाच्याचं म्हणणं खोटं नव्हतं. घरातलं रेकॉर्डिंग म्हणजे हौशी लोकांचं हलकं काम, असा समज असेल तर तो काढून टाकावा. आपल्याकडच्या गाण्याची ध्वनिमुद्रणंच मुळी स्टुडिओत सुरू झाली नाहीत. १९०२ साली फ्रेड गेसबर्ग कलकत्त्याला आला, हॉटेलच्या खोलीत त्याने आपलं यंत्र मांडलं आणि गौहरजान त्याच्या कर्ण्यासमोर उभी राहून गायली. माइक नव्हताच. विजेवर चालणारं ध्वनिमुद्रण यायला १९२५ साल उजाडलं. तोवर सगळा मामला कर्ण्यात तोंड घालून मोठ्याने गाण्याचा, आणि तीनेक मिनिटांत राग आटोपण्याचा. शेवटी तिने इंग्रजीत आपलं नाव सांगितलं, कारण तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जायच्या आणि तिथल्या माणसांना ही बाई कोण हे कळायला दुसरी सोय नव्हती. म्हणजे फाइलला नाव देण्याची शिस्त तेव्हापासूनची आहे. आमचा भाचा मात्र अजून "फायनल", "फायनल नवीन" आणि "फायनल खरंच" अशी नावं देतो.

पुढे १९७९ साली टीॲक या जपानी कंपनीने साध्या कॅसेटवर चार ट्रॅक घेणारं पोर्टास्टुडिओ काढलं आणि गाणाऱ्यांच्या घरात खऱ्या अर्थाने स्टुडिओ शिरला. ब्रूस स्प्रिंगस्टीनने १९८२ च्या जानेवारीत न्यू जर्सीतल्या भाड्याच्या घरात त्यावर गाणी करून ठेवली. विचार असा, की हा कच्चा खर्डा, नंतर वाद्यवृंदाबरोबर नीट करू. नीट केलंही. पण त्यात त्या कॅसेटचा जीव येईना. शेवटी तीच कॅसेट 'नेब्रास्का' नावाने बाजारात आली. हे मी घरात सांगितलं तेव्हा आमचे हे म्हणाले, "म्हणजे नंतर नीट करायचं नसतं, एवढंच ना? मग तुझा प्रश्न सुटला."

भाच्याने आपला जुना कंडेन्सर माइक मला दिला, वर संगणकाला जोडायची छोटी पेटी दिली. तिला इंटरफेस म्हणतात. माइकचा आवाज तिच्यातून संगणकात जातो आणि कंडेन्सर माइकला लागणारे ४८ व्होल्ट तीच पुरवते. हेडफोन लावले, कळ दाबली, आणि मी गाण्याऐवजी नुसती ऐकत बसले.

इतकी वर्षं या घरात राहून हे घर मी कधी ऐकलंच नव्हतं. भिंतीवरचं घड्याळ टिकटिक करत नाही, 'टिक' झाल्यावर बारीकसं कण्हतं. एसीच्या खोक्यावर कबुतराची जोडी आहे आणि त्यांचं पटत नाही. वरच्या मजल्यावर भरदुपारी पलंग ओढतात. स्वयंपाकघरात, दोन दारांपलीकडे, ह्यांनी चिवड्याचा डबा उघडला, झाकण हळूच ओट्यावर ठेवलं, चमचा न घेता हाताने खाल्लं आणि झाकण पुन्हा लावलं. यातली प्रत्येक पायरी मला कानात ऐकू आली, डाळ्याच्या दाण्यासकट. आणि त्याहून मागे, देवघराशेजारी, सासूबाई फोनवर नणंदेला सांगत होत्या, "हो गं, आता माइक आणलाय. कानाला पण काहीतरी लावलंय. आम्हाला कोणी बोलावलं तर ऐकू जायचं नाही म्हणून असेल."

कंडेन्सर माइकचा हा गुण म्हणायचा की दोष, ते तुमच्या घरावर अवलंबून आहे. त्याचा पडदा फार पातळ असतो, त्याला बारीकसारीक सगळं कळतं. शांत खोलीत तो उत्तमच. डोंबिवलीच्या खोलीत तो 'पुढील स्थानक' सोडून बाकी सगळं टिपतो. म्हणून माझं स्पष्ट मत सांगते, आणि भाच्याला ते अजून पटलेलं नाही: गजबजलेल्या घरात डायनॅमिक माइक घ्यावा. हा स्टेजवर असतो तो, जाळीच्या गोळ्याचा, दणकट. तो जरा जड कानाचा असतो. तोंडाजवळचं ऐकतो, लांबचं सोडून देतो. आमच्या घरात हे एवढं एक यंत्र सोडलं तर ती कला फक्त ह्यांना अवगत आहे.

तो घ्यायला आम्ही लॅमिंग्टन रोडला गेलो. त्या रस्त्याचं अधिकृत नाव डॉ. भडकमकर मार्ग आहे, पण तिथल्या दुकानदाराला ते विचारून पाहा. "बजेट बोला मॅडम," तो म्हणाला. मी बजेट बोलले. त्याने माझ्याकडे न बघता ह्यांच्याकडे बघितलं. हे छताकडे बघू लागले. मग दुकानदाराने न मागितलेला स्टँड, न मागितलेली केबल आणि माइकवर घालायची स्पंजाची लाल टोपी काढून ठेवली. यातली केबल मात्र खरंच लागते आणि तिथे कंजूषपणा करू नये. नवशिक्यांच्या निम्म्या तक्रारी केबलच्या टोकाशी असतात. लाल टोपी मी परत केली.

कारण 'प' आणि 'फ'ची हवा अडवायला घरात साधन होतं. 'पांडुरंग' म्हणताना ओठांतून हवेचा जो धक्का निघतो तो माइकवर आदळला की 'धप्' असा आवाज येतो, आणि माझ्या एकूण एक अभंगात पांडुरंग आहे. परदेशातले लोक तारेच्या रिंगवर बायकांचे जुने पायमोजे ताणून त्याची चाळणी करतात. मी भरतकामाची लाकडी रिंग घेतली, तिच्यात जुन्या नायलॉनच्या ओढणीचे दोन पदर ताणले आणि ती तोंड आणि माइक यांच्या मध्ये बांधली. माइक तोंडापासून एक वीत लांब ठेवला, जरासा बाजूला. पांडुरंग शांत झाला.

मग खोली. इथे खरी गंमत आहे, आणि इथेच लोक पैसे वाया घालवतात. मोकळ्या खोलीत मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. टाळीनंतर भिंतींतून बारीक झणझण आली, तर तुमच्या कितीही महागड्या माइकमध्ये तुमचं गाणं न्हाणीघरातलंच वाटणार. समोरासमोरच्या कोऱ्या भिंती, खाली चकचकीत फरशी, काचेची सरकती खिडकी: आपण हौसेने जे जे बसवून घेतो ते सगळं आवाज परतवणारं असतं.

भाच्याच्या मित्राने उपाय सांगितला, भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवा. भाचा ट्रेची थप्पी घेऊन आलाही. सासूबाईंनी दार उघडलं. पुढचा संवाद इथे देत नाही. शेवटी "आई, ट्रे रिकामे आहेत" हे वाक्य त्यांच्यापर्यंत पोहोचेस्तोवर समोरच्या वहिनींनी दाराच्या भोकातून सगळं पाहिलं होतं, आणि संध्याकाळपर्यंत आमच्याकडे अंडी घाऊक येतात ही बातमी तळमजल्यावर गेली होती. बदनामी झाली ती झाली, फायदा काही नाही. बाहेरचा आवाज अडवायला वजन लागतं, म्हणजे जाड भिंत, जाड दार, फटी बुजवलेली खिडकी. खोलीतला आवाज जिरवायला जाडी लागते. अंड्याचा ट्रे म्हणजे कागदाचा लगदा, त्याला ना वजन ना जाडी. चिरकेपणा थोडासा कमी होतो, बाकी खोली होती तशीच राहते, फक्त कुरूप दिसते.

जाडी सासूबाईंच्या माळ्यावर होती. त्यांनी हाताने शिवलेल्या गोधड्या: आत जुनी लुगडी, नऊवारीचे तुकडे, सासऱ्यांची धोतरं, वरून एकाशेजारी एक असे धावदोऱ्याचे टाके. एक-एक गोधडी उचलताना दोन माणसं लागतात. कपडे वाळत घालायच्या छताच्या दांड्या खाली घेऊन त्यांवर आम्ही त्या सोडल्या. माझी समजूत होती की गोधडी माइकच्या मागे लावायची. पण एका दिशेने ऐकणाऱ्या माइकची पाठ बहिरीच असते. त्याचं तोंड माझ्याकडे, म्हणजे त्याला माझ्यामागची भिंत ऐकू येते. तेव्हा गोधडी गाणाऱ्याच्या पाठीशी हवी, आणि भिंतीला चिकटून नको, हातभर पुढे हवी. भिंत आणि गोधडीमधल्या त्या पोकळीने आणखी खालचे सूर जिरतात. बाजूला साड्यांचं कपाट सताड उघडं ठेवलं. "एवढ्या साड्यांचा उपयोग आज कळला," असं हे म्हणाले. मी ते रेकॉर्ड करून ठेवलं आहे.

टाळी वाजवली. टप्प करून विझली. सासूबाई खुर्ची आणून बघत बसल्या होत्या. त्यांनीही एक टाळी वाजवून पाहिली, आणि म्हणाल्या, "गोधडीत आवाज जातो हे मला ठाऊक होतं. बाळ रडायचा तेव्हा मी काय करत होते?" बाळ म्हणजे आमचे हे.

आता पेटी आणि गळा एकदम घेतले तर नंतर वेगळे काढता येत नाहीत. पेटीचा भाता फुसफुसतो, पट्ट्या खटखटतात आणि पेटीच माझ्यावर चढते. म्हणून आधी पेटी, मग ती कानात ऐकत गाणं. तानपुरा फोनवरचा. पण माझी पेटी वडिलांच्या वेळची, तिची काळी चार फोनच्या काळी चारला जुळत नाही, जराशी उतरलेली आहे. (माझीही पूर्वी काळी पाच होती, तेव्हा पेटीला बोलायची सोय नाही.) फोनच्या तानपुऱ्यात बारीक फरक करायची सोय असते, तिने तो पेटीपाशी आणावा. पेटी तानपुऱ्यापाशी आणायला गेलात तर सूर कानसणारा कारागीर शोधावा लागेल.

दुसरी अडचण आली ती लेटन्सीची. मी 'वि' म्हणावं आणि कानात तो 'ठ्ठल' म्हणायच्या वेळी यावा. संगणक आवाज घोटाघोटाने घेतो. घोट १०२४ नमुन्यांचा ठेवला, तर सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या हिशेबाने नुसता एक घोट भरायलाच २३ मिलिसेकंद जातात, आणि आवाज परत कानात यायला पुन्हा तेवढेच. घोट १२८ चा केला की तीनेक मिलिसेकंदांवर काम भागतं. किंवा इंटरफेसवर थेट ऐकायची कळ असते ती दाबावी, म्हणजे आपला आवाज संगणकाची वारी न करता सरळ कानात येतो. हवेत आवाज २३ मिलिसेकंदांत आठेक मीटर जातो, म्हणजे तबलजी पलीकडच्या खोलीत बसवल्यासारखं होतं. हे तबला वाजवतात. त्यांच्या ठेक्यातली लेटन्सी मात्र संगणक घरात यायच्या आधीपासून आहे आणि तिला कळ नाही.

ह्यांचा मोठेपणा सांगायलाच हवा अशी गोष्ट नंतर घडली. रेकॉर्डिंगमध्ये सारखी एक खालची घूं येत होती. भाच्याने सॉफ्टवेअर बदललं, माइक बदलला, हताश झाला. हे वीज मंडळातून निवृत्त. हेडफोन कानाला लावून डोळे मिटले आणि एखाद्या उस्तादाने षड्ज ओळखावा तसे म्हणाले, "पन्नास हर्ट्झ." मग खिशातून टेस्टर काढला. तो निवृत्तीनंतरही खिशातच असतो. लॅपटॉपचा चार्जर उपसला, घूं गेली. लावला, आली. त्यानंतर दोन तास त्यांनी घरातली अर्थिंग तपासली, सॉकेटं उघडली, गेल्या वीस वर्षांतल्या वायरमनांचा उद्धार केला. गाणं त्या दिवशी झालं नाही. पण इतक्या वर्षांच्या संसारात माझ्या गाण्यात त्यांनी इतका रस पहिल्यांदा घेतला. तुमच्याकडे असा माणूस नसेल तर लॅपटॉप नुसत्या बॅटरीवर चालवून बघा.

बाकी तांत्रिक भाग फार नाही. ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर २००० सालापासून फुकट आहे आणि सुरुवातीला तेच पुरे. आवाजाची पातळी उणे बारा डेसिबलच्या आसपास ठेवावी. शून्यावर गेलं की लाल दिवा लागतो आणि तो सूर फाटतो, फाटलेला पुन्हा शिवता येत नाही. म्हणून वरच्या षड्जाला जाताना मान जरा मागे न्यावी.

गळा सुधारून देणारं सॉफ्टवेअरही मिळतं. ऑटो-ट्यून १९९७ साली आलं, ते करणारे अँडी हिल्डेब्रँड आधी तेल शोधणाऱ्यांसाठी जमिनीखालच्या लहरींचं गणित करत होते. जमिनीखालचं तेल सापडेल, पण आपल्या गाण्यातली मींड त्या यंत्राच्या सरधोपट कारभारात सापडत नाही. दोन सुरांमधला घसरता प्रवास म्हणजे चूक, असं समजून ते मींडेच्या पायऱ्या करतं. दरबारीचा कोमल गंधार झुलायला हवा, ते त्याला सरळ उभं करतं. भाच्याने माझ्या अभंगावर ते चालवून दाखवलं. बेसूर एकही जागा राहिली नाही, आणि मीही राहिले नाही. काढायला लावलं.

मधल्या काळात भाचा नव्या माइकच्या चित्रफिती पाठवत राहिला. या धंद्यातला मोठा रोग हाच आहे: माणूस रियाजाऐवजी तुलना करू लागतो. अमक्या माइकचा तळ उबदार, तमक्याचा शेंडा चमकदार. मी अशी माणसं पाहिली आहेत ज्यांच्याकडे तीन माइक आहेत आणि रेकॉर्ड केलेलं एकही गाणं नाही. त्यांनी निदान एक माइक गोधडीच्या भावात विकावा.

अभंग तयार झाला, बहिणीला पाठवला. तिचा फोन आला तोच मुळी हुंदक्यात. मी म्हटलं, चाल पोहोचली. ती म्हणाली, "ताई, दुसऱ्या कडव्याच्या मागे लोकलचा भोंगा आहे गं! आणि कबुतरं!" चालीबद्दल नंतर विचारलं तेव्हा म्हणाली, "हो, चाल पण छान आहे." नंतरचे अभंग मी अधिक शांततेत केले, तर ती म्हणते त्यांत मजा नाही.

तुम्हाला हे सगळं करायचं असेल तर वेळ तेवढी नीट निवडा. रात्री लोकल थांबतात, पण मालगाड्या थांबत नाहीत, शिवाय तुमच्या खोलीतून बाहेर जाणारा आवाजही गोधडी अडवत नाही आणि शेजाऱ्यांना तुमचा पांडुरंग रात्री दोन वाजता नको असतो. दुपारी अडीच ते चार ही वेळ धरा. कुकर झालेले असतात, शाळा सुटलेल्या नसतात, भंगारवाला स्वतः जेवून पहुडलेला असतो आणि इमारतीला झापड आलेली असते. पंखा बंद, एसी बंद, घड्याळाचा सेल काढलेला, मोबाइल दुसऱ्या खोलीत.

आणि फ्रीज बंद. त्याची घरघर ऐकू येत नाही असं तुम्हाला वाटतं, माइकला तसं वाटत नाही. पण तो पुन्हा सुरू करायचं हमखास राहतं, म्हणून सिनेमावाल्या ध्वनिमुद्रकांची एक युक्ती सांगते: फ्रीज बंद करताना गाडीची किल्ली आत ठेवा. बाहेर निघताना किल्ली शोधाल, फ्रीज उघडाल, आत दिवा लागणार नाही, आठवेल. किल्ली मात्र रोज बाहेर पडणाऱ्या माणसाची असू द्या. निवृत्त माणसाची ठेवलीत तर दूध नासतं.